पहिला नंबर नसलेल्यांची कारकीर्द

1945 च्या एप्रिलमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे तीस वर्षांचे अमेरिकन गणितज्ञ लॉस अलामोसला रुजू झाले. न्यू मेक्सिकोतली ही कडेकोट बंदोबस्तातली वसाहत. तिथे अणुबॉम्ब तयार होत होता. हॅमिंग यांच्या वाट्याला काम आले ते गणनयंत्रे चालती ठेवण्याचे. यंत्रे दुसऱ्यांनी आधीच लावून दिली होती. ती यांनी सांभाळायची, म्हणजे शास्त्रज्ञ आपल्या मूळ कामाकडे वळायला मोकळे. आणि आजूबाजूला वावरणारे हे शास्त्रज्ञ कोण? हान्स बेथे, एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर, रिचर्ड फाइनमन. सगळ्यांच्या वर रॉबर्ट ओपेनहायमर.

चाळीसएक वर्षांनी, 1986 साली, एका व्याख्यानात हॅमिंग यांनी त्या दिवसांबद्दल मोकळेपणाने सांगितले. आपण तिथे हरकामे आहोत हे त्यांना कळून चुकले होते. ही माणसे हाडामांसाने आपल्यासारखीच, तरी इतकी वेगळी कशी, असा प्रश्न त्यांना पडला. हेवाही वाटला, आणि तो त्यांनी लपवला नाही. पुढची अनेक वर्षे ते एकच गोष्ट न्याहाळत राहिले: मोठे काम करणारी माणसे आणि जवळपास तेवढेच करू शकली असती पण केले नाही अशी माणसे, यांच्यात फरक कुठे पडतो?

हॅमिंग बुद्धीने सामान्य होते असे कुणी म्हणणार नाही. 1942 साली त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली होती. पण "आपण हुशार आहोत की नाही" हा प्रश्न नेहमी कुणाच्या शेजारी उभे राहून विचारला जातो. तालुक्याच्या शाळेत माझा पहिला नंबर असायचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात कळले की वर्गातले सगळेच कुठल्या ना कुठल्या शाळेतले पहिले आहेत, आणि त्यातल्या काहींना फळ्यावरचे गणित सर लिहून संपवायच्या आत सुटते. मला ते रात्री मेसमधून आल्यावर दोन तास बसून सुटायचे. जो कुणी शिकत शिकत वर जातो, त्याच्यावर ही वेळ एकदा येतेच. हॅमिंग यांच्यावर ती लॉस अलामोसमध्ये आली इतकेच.

म्हणून मला त्यांची गोष्ट नीट समजावून सांगावीशी वाटते. "मेहनत करा, यश मिळेल" एवढ्यावर ती संपत नाही. नेमकी कुठे आणि कशी मेहनत, याचा तपशील तिच्यात आहे.

हुशारीचा वाटा किती?

आधी एक हिशेब मांडते, कारण याबाबतीत दोन्ही बाजूंनी टोकाचे बोलले जाते. कुणी म्हणते बुद्धी हेच सर्वस्व, कुणी म्हणते बुद्धीला काही किंमत नाही. दोन्ही खोटे.

बुद्धिमत्ता चाचणीतले गुण आणि प्रत्यक्ष नोकरीतली कामगिरी यांचा संबंध मानसशास्त्रज्ञ गेली शंभर वर्षे मोजत आहेत. 1998 साली श्मिट आणि हंटर या दोघांनी तोवरच्या 85 वर्षांच्या अभ्यासांचा गोषवारा काढला. त्यांचा आकडा होता 0.51. हा सहसंबंधाचा आकडा. शून्य म्हणजे दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, एक म्हणजे एक कळली की दुसरी अचूक सांगता येते. 0.51 हा माणसांच्या बाबतीत चांगलाच मोठा आकडा आहे, आणि नोकरभरतीच्या जगात तो वर्षानुवर्षे प्रमाण मानला गेला. मग 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली. आधीच्यांनी केलेली एक सांख्यिकी दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त सढळ हाताने केली होती, असे त्यांनी दाखवले. नवा आकडा 0.31 आला. त्यांच्या यादीत सगळ्यांत वर होती ती मुद्देसूद, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारणारी मुलाखत, 0.42 वर.

0.31 म्हणजे किती? असे समजा की एकाच प्रकारच्या कामावरची माणसे घेऊन कशाही दोनदोनच्या 100 जोड्या लावल्या. चाचणीत जास्त गुण मिळवणारा कामातही सरस, असे साधारण 60 जोड्यांत दिसेल. उरलेल्या 40 जोड्यांत कमी गुणांचा माणूस पुढे असेल. नाणे उडवून ठरवले असते तरी 50 मिळाले असते. म्हणजे बुद्धीचा फायदा खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण 100 पैकी 40 ठिकाणी बाजी दुसऱ्याच कशाने तरी मारलेली आहे, आणि त्या "दुसऱ्या कशा"वर आपला हात चालतो.

आणखी एक दाखला या आकड्यांपेक्षा जुना आहे. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियातली अतिशय तल्लख मुले चाचण्या घेऊन निवडली, दीड हजारांहून जास्त, आणि त्यांचे पुढचे आयुष्य नोंदवत गेले. त्या मुलांचे एकंदरीत चांगलेच झाले. पण नोबेल त्यांच्यापैकी एकालाही मिळाले नाही. चाचणी देऊनही निवडीची रेघ न ओलांडलेल्या मुलांमधल्या दोघांना मात्र पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले: विल्यम शॉक्ली यांना 1956 मध्ये, लुईस अल्वारेझ यांना 1968 मध्ये. यावरून नापास होणे चांगले असे काही सिद्ध होत नाही. एवढेच कळते की एका पातळीच्या वर गेल्यावर कोण पुढे जाणार हे त्या चाचणीला ओळखता आले नाही. दहावीच्या निकालानंतर एकेकाळी वर्तमानपत्रात छापून येणारी गुणवत्ता यादी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे आपापल्या गावापुरते ताडून पाहावे.

दोन सोमवार

लढाई संपल्यावर, 1946 मध्ये, हॅमिंग बेल लॅब्जमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत, गेले. तिथेही तीच तऱ्हा. ज्यांच्याबरोबर एका खोलीत बसायचे ते होते क्लॉड शॅनन, ज्यांच्या 1948 च्या शोधनिबंधावर आजचे सगळे डिजिटल दळणवळण उभे आहे.

त्या काळी बेल लॅब्जमध्ये रिलेवर चालणारा एक संगणक होता. रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारी कळ. यंत्रात हजारो रिले, त्यामुळे एखादी कळ अधूनमधून अडकायचीच. यंत्राला आपली चूक झाल्याचे कळायचे. आठवड्याच्या दिवसांत चूक झाली की यंत्र थांबून माणसाला बोलवायचे. शनिवार-रविवारी माणूस नसायचा. तेव्हा ते चुकलेले काम तिथेच टाकून पुढचे काम घ्यायचे. हॅमिंग यांचा मान खालचा, म्हणून त्यांच्या कामाला यंत्र मिळायचे ते शनिवार-रविवारीच. एका सोमवारी ते आले तर काम अर्धवट टाकलेले. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. ते वैतागले आणि मनाशी म्हणाले: या यंत्राला चूक झाली हे कळते, तर कुठे झाली हे का कळू नये? कळले तर ते स्वतःच दुरुस्त का करणार नाही?

यातून जे निघाले त्याला आज हॅमिंग कोड म्हणतात. तो कागदावर करून पाहण्याइतका सोपा आहे, आणि करून पाहावाच.

सात घरे आखा, 1 ते 7 क्रमांक द्या. आपल्याला चार आकडे पाठवायचे आहेत, प्रत्येक 0 किंवा 1: 1, 0, 1, 1. ते क्रमाने 3, 5, 6 आणि 7 या घरांत लिहा. उरलेली 1, 2, 4 ही घरे राखणदारांची. घर 1 चा राखणदार 1, 3, 5, 7 या घरांवर लक्ष ठेवतो. घर 2 चा राखणदार 2, 3, 6, 7 वर. घर 4 चा राखणदार 4, 5, 6, 7 वर. प्रत्येकाचे काम एकच: आपल्या चार घरांची बेरीज सम राहील असा आकडा स्वतःच्या घरात भरायचा. पहिल्याच्या घरांत 1, 0, 1 आहेत, बेरीज 2, सम. म्हणून तो 0 भरतो. दुसऱ्याकडे 1, 1, 1, बेरीज 3. तो 1 भरतो म्हणजे 4 होते. तिसऱ्याकडे 0, 1, 1; तो 0 भरतो. सात घरे झाली: 0 1 1 0 0 1 1.

आता वाटेत सहाव्या घरातला 1 बिघडून 0 झाला. पलीकडे पोचले 0 1 1 0 0 0 1. पलीकडचा माणूस तिन्ही राखणदारांना विचारतो. 1 क्रमांकाचा सांगतो, माझी बेरीज 2, ठीक. 2 क्रमांकाचा म्हणतो, माझी 3, गडबड. 4 क्रमांकाचा म्हणतो, माझी 1, गडबड. तक्रार करणाऱ्यांचे क्रमांक मिळवा: 2 आणि 4, सहा. चूक सहाव्या घरात. तिथला 0 पुसून 1 करा. दुसरे कुठलेही एक घर बिघडवून पाहा, तक्रारदारांच्या क्रमांकांची बेरीज बरोबर त्याच घरावर बोट ठेवते.

यात लागणारे गणित सम-विषमाचे आहे. ते शॅनन यांना हॅमिंग यांच्याहून लवकर सुचले असते का? कदाचित. पण शनिवार-रविवारचे काम दोनदा वाया गेले होते ते हॅमिंग यांचे. वैतागणारे पुष्कळ असतात. वैताग ओसरण्याआधी त्याचा प्रश्न करून कागदावर उतरवणारे थोडे. हॅमिंग यांचा निबंध 1950 मध्ये छापून आला, 1968 मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि सर्व्हरच्या मेमरीत चुका दुरुस्त करायला हाच विचार, थोडा वाढवून, आजही वापरतात.

मला या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो त्यांचा खालचा मान. आठवड्याच्या दिवसांत यंत्र मिळाले असते तर शेजारच्या माणसाने बिघाड काढून दिला असता आणि प्रश्न कधी उभाच राहिला नसता. पुढेही एकदा असेच झाले. प्रोग्रॅम लिहायला माणसे हवी होती, संस्था देईना. दुसरीकडे जावे का, असा विचार करताना त्यांच्या मनात आले: यंत्रे काहीही करू शकतात असे आपण सगळ्यांना सांगतो, मग ती प्रोग्रॅम का लिहू शकणार नाहीत? या विचाराने ते संगणकाकडूनच प्रोग्रॅम लिहवून घेण्याच्या कामात फार लवकर शिरले.

टुकी यांना इतके कसे येते?

बेल लॅब्जमध्ये जॉन टुकी होते. संख्याशास्त्रातला केवढा मोठा माणूस. संगणकातल्या 0 किंवा 1 ला म्हणतात तो "बिट" हा शब्द त्यांचाच. टुकी हॅमिंग यांच्यापेक्षा थोडे लहानच होते. हॅमिंग एक दिवस तडक साहेबांच्या, हेंड्रिक बोडी यांच्या खोलीत गेले आणि विचारले, माझ्या वयाच्या माणसाला टुकींएवढे माहीत असूच कसे शकते? बोडी खुर्चीत मागे रेलले, हसले आणि म्हणाले, तो इतकी वर्षे जितके काम करत आला तितके तू केले असतेस, तर तुला किती माहीत असते याचे तुलाच नवल वाटले असते. हॅमिंग काही न बोलता बाहेर आले.

बोडी यांचे म्हणणे हॅमिंग यांनी चक्रवाढ व्याजाच्या भाषेत मांडले. आपल्या घरात हे गणित सगळ्यांना कळते. एक लाख रुपये 8 टक्क्यांनी तीस वर्षे ठेवले तर साधारण 10 लाख होतात. 10 टक्क्यांनी ठेवले तर साडेसतरा लाख. दरात फरक दोनच टक्क्यांचा. ज्ञानाचेही तसेच, कारण जेवढे जास्त माहीत तेवढे नवे लवकर समजते, आणि जेवढे नवे समजते तेवढी पुढची दारे उघडतात.

पण इथे माझा अनुभव मध्ये घालते, कारण "जास्त तास काम करा" असा याचा अर्थ लावला तर अर्धी माणसे, विशेषतः बायका, तिथेच बाद होतात.

माझी पहिली नोकरी चाकणच्या एका डायकास्टिंग कारखान्यात, क्वालिटी विभागात. डायकास्टिंग म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरून पार्ट घडवणे. माझ्याबरोबर लागलेला एक मित्र विलक्षण तल्लख होता. नाकारलेला पार्ट हातात घेतला, उलटसुलट केला की दोष कशामुळे हे तो सांगून मोकळा. डाय थंड होती, स्प्रे जास्त झाला, प्रेशर कमी पडले. बहुतेक वेळा त्याचे बरोबर असायचे. मला तसे दिसायचे नाही. म्हणून मी एक लांब वही केली आणि शिफ्ट संपताना दहा मिनिटे त्यात लिहायला लागले: तारीख, मशीन, डाय, शिफ्ट, दोष, काय सापडले. दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही, कारण कंपनीची बस चुकली तर घरी पोचायला रात्र व्हायची.

दोन वर्षांनी एकदा ती वही चाळताना जुलै-ऑगस्टची पाने शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही पावसाळ्यांत एकाच भट्टीवरच्या पार्टमध्ये ब्लोहोल वाढले होते, म्हणजे धातूत वायूचे बारीक पोकळ फुगे. प्रत्येक वेळी कुणीतरी वेगळे कारण दिले होते, आणि त्या त्या दिवसापुरते ते पटण्यासारखेही होते. मी त्या भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. अॅल्युमिनियमचे इनगॉट, म्हणजे धातूच्या विटा, शटरजवळ रचून ठेवले होते. पावसाची झड शटरखालून आत यायची आणि खालचे थर ओले व्हायचे. ओला इनगॉट भट्टीत गेला की पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, आणि धातू गोठताना त्याचे फुगे होतात. शिवाय ओला धातू भट्टीत टाकणे मुळातच धोक्याचे. इनगॉट आत, पॅलेटवर हलवले आणि भट्टीच्या कडेवर तापवून मगच सोडायचे असे ठरले. पुढच्या पावसाळ्यात त्या पानावर लिहायला फारसे काही नव्हते.

मित्र माझ्यापेक्षा हुशार होता आणि आजही आहे. त्याची हुशारी एका पार्टवर चालायची आणि तिथे तिला तोड नव्हती. दोन पावसाळे एकदम पाहायला मात्र वहीच लागते, आणि वही लिहायला तल्लखपणा लागत नाही. रोज साठत जाईल अशी एखादी गोष्ट हाताशी धरणे, हा चक्रवाढीचा असा अर्थ आहे की जो संध्याकाळी सहाला घरी जाणाऱ्या माणसालाही पाळता येतो.

हॅमिंग यांनीही किमतीबद्दल आडपडदा ठेवला नाही. त्यांच्या पत्नी वँडा लॉस अलामोसमध्ये स्वतः आकडेमोडीचे काम करत असत. मोठे काम करायचे तर काही गोष्टींकडे दुर्लक्ष होते, आणि पत्नीकडेही कधीकधी झाले, असे ते त्या व्याख्यानात म्हणाले. त्यांचा सल्ला वाचताना हे वाक्य गाळू नये असे मला कळकळीने वाटते. कुणाच्या तरी वेळावर त्यांचा वेळ उभा होता. शिवाय बेल लॅब्जसारखी निवांत, पैशाची ददात नसलेली जागा सगळ्यांच्या नशिबी नसते.

जेवणाचे टेबल आणि उघडे दार

त्यांच्या दोन सवयींना तास लागत नाहीत, धीर लागतो. बेल लॅब्जमध्ये ते आधी भौतिकशास्त्रज्ञांच्या टेबलावर जेवायचे. मग नोबेल, बढत्या, बाहेरची बोलावणी यांत ती मंडळी पांगली, आणि ते रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन बसले. तिथे विचारू लागले, तुमच्या क्षेत्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते? काही दिवसांनी, तुम्ही सध्या कोणत्या महत्त्वाच्या प्रश्नावर काम करताय? आणि एक दिवस, तुमचे काम महत्त्वाचे नसेल तर ते करताच कशाला? त्यानंतर त्या टेबलावर त्यांचे स्वागत होईना. पण त्यांच्यातल्या एकाने काही महिन्यांनी त्यांना गाठून सांगितले की तो प्रश्न सगळा उन्हाळा डोक्यात घोळत राहिला. तो माणूस पुढे विभागप्रमुख झाला.

महत्त्वाचा प्रश्न म्हणजे भव्य प्रश्न, अशी हॅमिंग यांची व्याख्या नव्हती. काळातून मागे-पुढे प्रवास करणे भव्य आहे. पण त्यावर हल्ला चढवायची वाटच कुणाकडे नाही, म्हणून त्यांच्या लेखी तो कामाचा प्रश्न नव्हता. ज्याचे उत्तर मिळाले तर फरक पडेल आणि ज्याला हात घालण्याची काहीतरी युक्ती आपल्याजवळ आहे, तो महत्त्वाचा.

दुसरे त्यांचे निरीक्षण दारांबद्दलचे. खोलीचे दार बंद करून बसणारे आज-उद्याचे काम जास्त उरकतात. दार उघडे ठेवणाऱ्यांची कामे खोळंबतात, पण दहा वर्षांनी कोणत्या प्रश्नाला हात घालावा हे त्यांना कळलेले असते. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे आपण सांगू शकत नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे म्हटले होते.

उघड्या दाराची उलटी बाजू पाहायची तर पुन्हा शॉक्ली यांच्याकडे यावे लागते. तेही बेल लॅब्जचेच. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि देशभरातून निवडून तल्लख तरुण गोळा केले. माणसे पारखण्यात ते चुकले नव्हते. पण त्यांच्या हाताखाली काम करणे इतके असह्य झाले की 1957 मध्ये आठजण एकदम बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही त्यांची कंपनी उभी राहिली. त्या आठांतल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 मध्ये इंटेल काढली. शॉक्ली यांच्या कंपनीला मात्र कधी बरकत आली नाही.

हॅमिंग शुक्रवारी दुपारी जेवणानंतर रोजचे काम बाजूला ठेवत आणि फक्त मोठ्या प्रश्नांचा विचार करत: संगणकामुळे विज्ञान कसे बदलेल, आपली दिशा कोणती असावी. आठवड्याचा साधारण दहावा हिस्सा. माझ्या वाट्याला तेवढी दुपार येत नाही. मी शुक्रवारी शेवटचा अर्धा तास घेते, फोन उलटा ठेवते आणि वहीच्या मागच्या पानावर एकच प्रश्न लिहून त्याच्याकडे बघत बसते. सध्या तिथे असे लिहिले आहे: डाय तुटण्याआधी तिच्यावर पहिली केसाएवढी चीर किती शॉटनंतर (डायमध्ये एकदा धातू भरला की एक शॉट) दिसते, याची नोंद आमच्याकडे कुणीच ठेवत नाही. गेल्या महिन्यापासून, डाय धुवायला उतरली की मी तिचा शॉटचा आकडा लिहून घेते आणि त्याच कोनातून एक फोटो काढते. आतापर्यंत अकरा डाय झाल्या आहेत.